खिशातला फ्यूज

तुकोजी जगदाळेचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, असं त्यांच्या घरात सांगत आले. खरं-खोटं त्या घोड्याला ठाऊक. तुकोजीला मात्र जन्मभर एकच वाहन चालवता आलं, ते म्हणजे सायकल. त्या सायकलवरून तो सुदामा नगरातून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या कापडाच्या मिलमध्ये चोवीस वर्षं जात होता. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात वायरमन. कोणी नाव विचारलं तर ‘तुकोजी जगदाळे, वायरमन’ असं एका दमात सांगायचा. वायरमन हे आडनावाचंच शेपूट असावं अशा थाटात.

मिल बंद पडून तेव्हा चार वर्षं झाली होती. बंद पडली म्हणजे एके दिवशी कुलूप लागलं असं नाही. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं गेलं, मग भोंगा गेला, आणि सगळ्यात शेवटी कुलूप आलं. तिकडे विजय नगरात मोकळ्या माळावर प्लॉट पडत होते, टीव्हीवर दहा-बारा चॅनेल दिसायला लागले होते, आणि जो तो म्हणत होता की देश आता खुला झाला. तुकोजी हे ऐकून घ्यायचा. फक्त पेपरची घडी जरा जोरात घालायचा.

घरी बसून तो मिक्सर, इस्त्र्या आणि कूलरच्या मोटारी दुरुस्त करी. काम चोख, पण गिऱ्हाइकाला उपदेश फार. एखादी बाई इस्त्री घेऊन आली की हा म्हणणार, “इस्त्री ठीक आहे हो, तुमच्या घराला अर्थिंगच नाही. एक दिवस सगळे चिकटाल.” बाई घाबरून इस्त्री घेऊन जाई ती जाईच. त्याची बायको उषा कपाळाला हात लावून म्हणायची, “अहो, इस्त्री सुधारा ना. बाईला कशाला सुधारता?”

उषाचं चुकत नव्हतं. पण या उपदेशाखाली काय होतं ते तिलाही ठाऊक होतं. मिलनं या माणसाची पाळी नेली, दोस्त नेले, सकाळी उठण्याचं कारण नेलं. एकच गोष्ट नेता आली नव्हती. विजेचं काम आपल्याला येतं, आणि आपल्या हातून कधी कोणाला इजा झाली नाही, ही ती गोष्ट. तेवढ्यावर तो ताठ चालायचा.

बाबूराव सोनटक्के मागच्या गल्लीत राहायचा. तोही त्याच मिलचा, विणाई खात्यातला. बावीस वर्षं दोघांच्या सायकली जोडीनं गेल्या-आल्या. मिल बंद झाल्यावर बाबूराव रडत बसला नाही. देवासकडची वाटणीची जमीन विकून त्यानं एक जुनी व्हॅन घेतली आणि कॉलनीतली नऊ मुलं शाळेत ने-आण करायला लागला. सकाळी सात वाजता त्याचा हॉर्न वाजला की गल्लीतल्या आयांची धांदल उडायची. कुणाची वेणी अर्धी, कुणाचा बूट एकच.

पण त्या फेब्रुवारीत हॉर्नऐवजी धक्क्याचे आवाज यायला लागले. व्हॅनची बॅटरी रात्रभरात बसायची. सकाळी किल्ली फिरवली की आतून नुसती टिक्‌टिक्‌. मग मुलांचे वडील, ऑफिसचे कडक इस्त्रीचे शर्ट घातलेले, व्हॅन ढकलायचे. गॅरेजवाल्यानं दोनदा बॅटरी बदलली. नवी बॅटरी आठवडाभर चालली आणि पुन्हा तेच.

एका रविवारी दुपारी बाबूराव आला तो दारातच उकिडवा बसला.

“तुकोजी, काल सगळ्या पालकांनी मिळून सांगितलं भिया. अब एक दिवस भी लेट हुआ, तर दुसरी व्हॅन लावून घेतो म्हणे. उद्यापासून परीक्षा आहे पोरांची.”

“मग मला काय सांगतोस? मी गाडीचं काम कधी केलंय का?”

“बिजलीचंच तो काम आहे यार. तू नाही बघणार तर कोण बघणार? व्हॅन गेली की माझ्याकडे काय राहिलं, सांग.”

हे ‘तू नाही बघणार तर कोण’ तुकोजीला चार वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं पेचकस, पक्कड आणि टेस्टलॅम्प पिशवीत टाकले. टेस्टलॅम्प म्हणजे होल्डरातला एक बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. मिलमधला बल्ब इथं चालणार नाही हे त्याला कळत होतं, म्हणून बाबूरावला चौकात पिटाळून त्यानं गाडीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब आणवला.

आणि पहिल्याच पावलाला गाडी अडली. तुकोजीनं मागचा दिवा खोलला तर त्याला एकच वायर आलेली. तो दुसरी शोधत राहिला. गाडीखाली घुसला, सीट उचलल्या, धुळीनं माखून बाहेर आला.

“जाणारी वायर आहे, परत येणारी नाही. कोणा गाढवानं काम केलंय हे?”

“सगळ्या गाड्या अशाच असतात, गॅरेजवाला म्हणतो. बॉडीतून परत येते म्हणे.”

तुकोजीनं हात झटकन मागे घेतला. मिलमध्ये मशीनच्या बॉडीत करंट आला म्हणजे कोणाच्या तरी घरी रडारड. बॉडी करंटपासून कोरडी ठेवणं हाच तर वायरमनचा धर्म. आणि इथं आख्खा पत्राच वायर म्हणून वापरलेला! बराच वेळ तो त्या व्हॅनकडे संशयानं बघत राहिला. मग बारा व्होल्टनं माणूस मरत नाही हे स्वतःला दोनदा सांगून त्यानं बोट टेकवलं. काही झालं नाही. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो लगेच मास्तर झाला.

“बघ बाबूराव. तुझा मागावरचा धोटा कसा, या टोकाहून त्या टोकाला गेला की परत यायलाच पाहिजे, नाही आला तर विणणं बंद. करंटचं तेच. बॅटरीच्या एका खांबातून निघतो, दिव्यातून जातो, पत्र्यातून दुसऱ्या खांबाला परत येतो. फेरा पुरा झाला तरच दिवा लागतो. आता सगळं बंद असताना कुठं तरी चोरून एक फेरा पुरा होतोय. नर्मदेचं पाणी टाकीत भरून ठेवलं आणि खाली टोटी गळत राहिली, तर सकाळी काय मिळणार? टाकी बदलून काय होतं? टोटी शोधायची.”

बाबूराव मान डोलावत होता. धोट्याचं त्याला पटलं होतं.

टोटी शोधायची रीत तुकोजीनं तिथल्या तिथं बसवली, आणि खरं सांगायचं तर ती रीत अगदी बरोबर होती. बॅटरीच्या ऋण खांबावरची केबल सोडवायची आणि खांब नि केबल यांच्यामध्ये आपला बल्ब जोडायचा. गाडीत काहीच चालू नसेल तर बल्ब विझलेला राहील. कुठंही गळती असेल तर तो करंट या बल्बातूनच जाणार, म्हणजे बल्ब पेटणार.

बल्ब चांगलाच पेटला. तुकोजी विजयानं ओरडला, “ये पकडा!”

“अरे, दार उघडं आहे,” बाबूराव म्हणाला. “छतातला दिवा चालू आहे त्याने.”

तुकोजीनं खाकरून दार लावलं. छतातला दिवा गेला, पण बल्ब पुरता विझला नाही. काजव्याएवढा, लालसर, चिवटपणे जळत राहिला. बाबूरावच्या दोन महिन्यांच्या सकाळी त्या काजव्यानं खाल्ल्या होत्या.

मग स्टिअरिंगखालचा फ्यूजचा डबा उघडून तुकोजीनं एकेक फ्यूज उपटायला घेतला. नखाएवढे, रंगीत प्लास्टिकचे फ्यूज. पहिला काढला, काजवा तसाच. परत लावला. दुसरा, तिसरा, तसाच. चौथा काढला आणि काजवा विझला. परत लावला, पेटला. काढला, विझला.

“याच लाइनीत आहे चोर,” तुकोजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चार वर्षांत नव्हतं ते तेज आलं होतं. उषानं ते बघायला हवं होतं.

आता त्या लाइनीवर नेमकं काय काय आहे ते वायर धरून शोधायचं राहिलं. पण साडेचार वाजले होते. दर रविवारी पाच वाजता मिलच्या गेटवर कामगारांची सभा असायची. कोर्टात काय झालं, कोणाचा अर्ज कुठं अडला, एवढंच असायचं तिथं, आणि दर वेळी तीच माणसं थोडी कमी होऊन यायची. तुकोजीनं ती सभा कधी चुकवली नव्हती.

“बाकीचं उद्या बघतो,” तो म्हणाला. बॅटरीची केबल त्यानं जोडून दिली, हात पुसले, चौथा फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि सायकलवर टांग मारली.

मिलमध्ये ही रीतच होती. वायरमन ज्या लाइनीवर काम करतो तिचा फ्यूज तो काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. बोर्डावर रिकामी खाच दिसली की मिलमधला कोणीही माणूस, मग तो मॅनेजर का असेना, त्या मशीनला हात लावत नसे. सांगावं लागत नसे, पाटी लावावी लागत नसे. एका फ्यूजवर एक मशीन, आणि फ्यूज वायरमनच्या खिशात असेपर्यंत मशीन उभं. कित्येक जीव या रीतीनं वाचले होते. तुकोजीनं फ्यूज खिशात टाकला तेव्हा उद्याची परीक्षा त्याच्या ध्यानातही नव्हती; त्याच्या हिशेबी व्हॅन उभी राहिली होती. आणि बाबूरावच्या हिशेबी व्हॅन दुरुस्त झाली होती.

सोमवारी सकाळी किल्ली फिरवताच व्हॅन सुरू झाली. पहिल्या फटक्यात. बाबूरावच्या बायकोनं आतून विचारलं, “लागली?” आणि तो लहान पोरासारखा हसला. मग गल्लीत जाऊन त्यानं हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही.

त्यानं डबा उघडला. रिकामी खाच दिसली. विणाई खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला रिकामी खाच म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पण सात वाजले होते, परीक्षा होती आणि नऊ दारांत नऊ मुलं उभी होती. हॉर्न नाही तर नाही, हातानं दार बडवू, असं म्हणून त्यानं गाडी काढली.

फूटी कोठीच्या चौकाअलीकडे एक दूधवाला सायकल आडवी घालत समोर आला. बाबूरावनं ब्रेक दाबला. व्हॅन थांबली, दूधवाला वाचला, मुलं पुढच्या सीटवर आपटून किंचाळली. आणि मागून मोपेडवर येणारी एक मुलगी सरळ व्हॅनवर आदळली. अनुश्री पागे तिचं नाव, वय बावीस, कंप्यूटरच्या क्लासला निघालेली. उजव्या पायाचं हाड दोन जागी मोडलं. लोकांनी तिला उचललं तेव्हा ती एकच गोष्ट म्हणत होती, “लाइट लागलीच नाही. ब्रेकची लाइट लागलीच नाही.”

तुकोजीला हे दुपारी कळलं. उषा दूध आणायला गेली होती, ती रिकामं भांडं घेऊन परत आली. तिनं सांगितलेलं तो ऐकत होता आणि त्याचा हात आपोआप खुंटीवरच्या शर्टाकडे गेला. फ्यूज खिशात होता.

“तो काढलेला फ्यूज ब्रेकच्या लाइटचा होता का हो?” उषानं विचारलं.

“नाही, नाही. गळतीचा होता तो. एका फ्यूजवर एकच...” तो बोलता बोलता थांबला. एका फ्यूजवर एकच मशीन, हे मिलचं होतं. व्हॅनमध्ये तसंच असतं हे त्याला कोणी सांगितलं होतं? त्यानं बघितलंच नव्हतं. वायर धरून शोधायचं काम त्यानं ‘उद्या’वर ठेवलं होतं.

बाबूराव मंगळवारी संध्याकाळी आला. व्हॅन ठाण्यात उभी होती. पालकांनी तात्पुरती दुसरी व्हॅन लावली होती. त्याचे डोळे खोल गेले होते, पण बोलणं मात्र एकदम साफ होतं, ठरवून आलेल्या माणसाचं.

“सुन तुकोजी. फ्यूज मी लावला. सोमवारीच, मुलांच्या बॅगा काढायला ठाण्यात गेलो तेव्हा. चौकातून नवा घेऊन गेलो होतो. लावल्या लावल्या हॉर्न वाजला, ब्रेकची लाइटही लागली. दोन्ही त्याच्यावरच होते.”

तुकोजीनं आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

“उद्या अकरा वाजता साहब गाडी चेक करणार. लाइट लागेल. ते विचारतील वायरिंगला हात कोणी लावला; मी तुझं नाव आधीच सांगितलंय. तू फक्त एवढंच म्हण, रविवारी मी सगळं चेक केलं, सगळं चालू होतं. बस. दोघंही सुटलो. पालक लोक भी वापस येतील.”

“आणि ती पोरगी?”

“वो बच जाएगी यार, पायच मोडलाय. जवान आहे.” हे म्हणताना बाबूरावनं तुकोजीकडे बघितलं नाही. मग एकदम त्याचा आवाज फुटला. “मी काय मुद्दाम केलं का? तू सांगून गेला होतास का, की गाडी नको काढू म्हणून? सांग ना!”

सांगायची गरजच नव्हती असं तुकोजीला वाटलं होतं, आणि ते आता तोंडानं म्हणायची लाज वाटत होती.

“खाच दिसली नव्हती तुला?” त्यानं हळूच विचारलं.

“दिसली होती,” बाबूराव म्हणाला, आणि उठून गेला.

त्या रात्री तुकोजीचं जेवण ताटातच राहिलं. उषानं आग्रह केला नाही. सकाळी चहा देताना तिनं एवढंच म्हटलं, “ठाण्यात जायच्या आधी त्या पोरीला बघून या. मग काय बोलायचं ते बोला.”

तो गेला. राजवाड्याच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात अनुश्री पाय टांगून पडली होती. शेजारी तिचे वडील कृष्णराव पेपर वाचत बसले होते. तुकोजीनं स्वतःची ओळख ‘सुदामा नगरातला, बाबूरावच्या ओळखीचा’ एवढीच दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं नावापुढे वायरमन लावलं नाही.

“आता तुम्हीच सांगा हिला,” कृष्णराव म्हणाले. “तीन दिवस एकच रट, लाइट नव्हती, लाइट नव्हती. हवालदार सांगून गेला, गाडीची लाइट ठीक आहे. स्पीडमध्ये असेल, लक्ष नसेल, दुसरं काय? मी म्हटलंच होतं, मोपेड नको, क्लास नको. आता बास झालं. मोपेड विकून टाकतो.”

अनुश्री भिंतीकडे तोंड करून होती. ती वळली आणि तुकोजीकडे बघून, परक्या माणसाकडे बोलावं तसं सावकाश बोलली.

“काका, मी समोर बघत होते. खरंच बघत होते. पण सगळेच नाही म्हणतात ना, तर कालपासून मलाही वाटायला लागलंय की मलाच दिसली नसेल.”

तुकोजीला तिथं बसवेना. तो जिन्यात येऊन कठड्याला धरून उभा राहिला. पाय मोडलेला त्यानं पाहिला होता, ते सोसवलं असतं. पण डोळ्यांनी धड पाहिलेली गोष्ट या पोरीच्या डोक्यातून काढून घेतली जात होती, आणि ती काढून घ्यायला उद्या आपला शब्द लागणार होता. उद्या कसला, तासाभरात. बाबूरावचाही राग आला, स्वतःचाही आला, आणि त्या मिलचा तर इतका आला की ती समोर असती तर त्यानं दगड मारला असता. असल्या चांगल्या रीती शिकवून तिनं त्यांना असल्या जगात सोडून दिलं होतं, जिथं त्या रीती चालतच नव्हत्या.

ठाण्याच्या आवारात व्हॅन उभी होती. मागचा पत्रा आत गेलेला. साहेबांनी चष्मा लावला आणि हवालदाराला म्हणाले, “ब्रेक दबाओ.”

मागचे दोन्ही दिवे लालभडक लागले.

“ठीक तो है,” साहेब म्हणाले. “वायरिंग किसने देखी थी?”

बाबूरावनं तुकोजीकडे बघितलं. त्या बघण्यात बावीस वर्षं सायकलीवरून बरोबर केलेला रस्ता होता, आणि घरी बसलेली बायको होती. तुकोजीनं खिशात हात घातला आणि फ्यूज काढून व्हॅनच्या सीटवर ठेवला.

“साहब, ये मेरे पास था. संडे को मैंने निकाला. हॉर्न और ब्रेक की लाइट, दोनों इसी पे थे, मुझे मालूम नहीं था. लड़की सच बोल रही है. मंडे सुबह लाइट नहीं लगी होगी. अभी जो लगा है वो बाद में लगा है.”

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. “आप क्या करते हो?”

“मिल में वायरमन था,” तुकोजी म्हणाला. ‘था’ हा शब्द त्यानं पहिल्यांदाच वापरला.

पुढचं सगळं कागदांचं झालं. बाबूराववर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, तुकोजीचा जबाब घेतला. व्हॅन काही दिवसांनी सुटली. पण मुलं परत आली नाहीत, एकही नाही. कृष्णरावांनी मोपेड विकली नाही, असं उषाला बायकांमधून कळलं. अनुश्री कुबड्यांवर क्लासला जायला लागली होती. तिनं तुकोजीला काही निरोप पाठवला नाही, आणि पाठवावा असं त्याला वाटतही नव्हतं. इस्त्र्या आणि मिक्सर मात्र यायचे बंद झाले. ज्यानं व्हॅनचा ब्रेकचा दिवा घालवला त्याच्या हाती घरचा मिक्सर कोण देणार?

ठाण्यातून बाहेर पडताना बाबूराव त्याच्याशी एकच वाक्य बोलला होता. भांडला नाही, शिवी दिली नाही.

“खरं बोललास, ठीक केलंस. आता उद्या सकाळी सात वाजता मी काय करू, तेवढं सांग.”

तुकोजी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आला.

व्हॅन सुटल्यावरच्या रविवारी तो मिलच्या गेटवर गेला नाही. पिशवी घेऊन मागच्या गल्लीत गेला. बाबूरावनं दार उघडलं, व्हॅनची किल्ली ओट्यावर ठेवली आणि आत गेला. तुकोजीनं बल्ब जोडला. काजवा पेटला. आता मात्र त्यानं घाई केली नाही. चौथ्या फ्यूजपासून निघालेली वायर बोटांनी चाचपत, पट्टी सोडवत, गालिचा उचलत तो इंच इंच मागे गेला. एक फाटा हॉर्नला, एक ब्रेकच्या दिव्यांना, आणि तिसरा, कोणी तरी बाहेरून पिळून जोडलेला, मागच्या सीटखाली. तिथं फोमच्या आत एक काळा डबा होता, हाताला कोमट लागणारा. व्हॅन विकताना आधीच्या मालकानं गाण्याचा डेक काढून नेला होता आणि आवाज वाढवणारा हा डबा तसाच जोडलेला विसरला होता. ना गाणं, ना स्पीकर, पण दिवस-रात्र तो आपला जागा होता. त्या डब्यापायी सगळं झालं. त्या पहिल्या रविवारी तुकोजी अजून अर्धा तास थांबला असता तर सापडला असता.

तुकोजीनं फाटा तोडला, टोकाला पट्टी गुंडाळली, फ्यूज जागेवर बसवला. बल्ब विझला तो विझलाच. डबा त्यानं ओट्यावर किल्लीशेजारी ठेवला. बॅटरीची केबल जोडून दिली आणि पिशवी उचलली.

आता ती व्हॅन कधी बंद पडत नाही. बाबूराव दिवसभर एका गोदामात माल उतरवायला जातो, तो नऊ वाजता. पण सकाळी सात वाजता तो व्हॅनमध्ये जाऊन बसतो आणि किल्ली फिरवतो. मागच्या गल्लीतून तो आवाज तुकोजीच्या अंगणात स्पष्ट येतो. पहिल्या फटक्यात लागते. पाचेक मिनिटं इंजिन चालतं आणि बंद होतं. मग गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या व्हॅनचा हॉर्न वाजतो, आणि मुलं धावत सुटतात.